पंचवीस ड्रम

या लेखातले ‘सर’ म्हणजे लिहिणाराच. काही गोष्टी ‘मी’ म्हणून सांगायला जीभ वळत नाही, म्हणून त्या माणसाला जरा लांब उभं केलं आहे.

सर गणिताचे. नेर तालुक्यातल्या एका शाळेत नोकरी, मुलं मोठी झाली तशी यवतमाळला बिऱ्हाड हलवायचं ठरलं. वडगाव, लोहारा, वाघापूर, उमरसरा या बाजूंना कपाशीच्या वावरांचे तेव्हा भराभर प्लॉट पडत होते. दलाल सांगायचा, “रेल्वे येऊन राहिली, सर. आज घ्या, उद्या भाव ऐकू नका.” वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग कित्येक वर्षं असा दलालांच्या तोंडून धावत होता, त्यातला वर्धा–कळंब हा पहिला तुकडा सुरू व्हायला २८ फेब्रुवारी २०२४ उजाडला. सरांना मात्र रेल्वेपेक्षा नकाशातला हिरवा चौकोन आवडला. ‘खुली जागा’ असं लिहिलेला. त्याच्यासमोरचा पंधराशे फुटांचा प्लॉट त्यांनी चार पैसे जास्त मोजून घेतला.

घर २०१७ मध्ये झालं. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून मिस्त्रीने मुरूम लागेपर्यंत खड्डे खोल नेले. सर कुरकुरले. गिट्टी, लोखंड, मजुरी, सगळं वाढत होतं. मिस्त्री म्हणाला, “आता वाचवान, मंग भिंतीत दिसन.” तो, त्याची बायको आणि दोन लेकरं शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर टिनाच्या शेडमध्ये राहत. स्लॅब पडल्यावर तिने त्यावर मातीची आळी घातली आणि एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी साठवलं. सर पाइप धरून खाली उभे असत. बोअरला तेव्हा पाणी होतं.

लेआउटमध्ये हळूहळू पंचवीस घरं झाली. कुणी दारव्ह्याचा, कुणी घाटंजीचा, कुणी महागावचा. एसटीतले कंडक्टर, बँकेतले, दवाखान्यातले. प्रत्येकाने आधी कंपाउंड बांधलं. वास्तुपूजनाला सगळे जेवून गेले, पण दुसऱ्या दिवशी कोण कुणाचं हे कुणाला सांगता आलं नसतं.

त्यात २०१७ चा पावसाळा कोरडा गेला. यवतमाळला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही धरणं भरली नाहीत. २०१८ च्या उन्हाळ्यात जुन्या शहरात नळ पंधरा-पंधरा दिवसांनी येऊ लागले, पुढे त्याहूनही उशिरा. बेंबळा धरणातून अमृत योजनेची पाइपलाइन येत होती; चाचणीतच पाइप फुटले आणि उंच उडालेल्या कारंज्याचे फोटो पेपरात आले. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं होतं. यवतमाळकरांना तोही आधार नव्हता, कारण इथे ब्रॉडगेजच नव्हती. सरांच्या लेआउटमध्ये तर नळच नव्हता, आणि बोअर एकामागून एक आटले.

वर्गणी काढून टँकर आणायचं ठरलं. पहिल्या दिवशी खुल्या जागेत अशी झुंबड उडाली की दोन घरांत हात उचलण्यापर्यंत गेलं. मग सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. गणिताचा माणूस, हिशेब चोख.

सरांनी वही काढली. टँकर पाच हजार लिटरचा, घरं पंचवीस. घरटी दोनशे लिटर, म्हणजे बरोबर एक ड्रम. बाकी शून्य. इतका सुबक भागाकार आयुष्यात क्वचित भेटतो. सरांना तो भलताच आवडला.

यादी वाचून झाली तेव्हा मिस्त्रीची बायको डोक्यावर रिकामा गुंड घेऊन उभी होती. “सर, आमचं नाव काहून नाही जी? पैसे देतो ना आम्ही.”

कुणीतरी म्हणालं, घर नंबर असेल त्यालाच. कुणी म्हणालं, आज यांना दिलं तर उद्या पलीकडच्या साइटवरचे सगळे येतील. दोन्ही म्हणणी सरांना पटण्यासारखी वाटली. ते म्हणाले, “नियम सगळ्यांना सारखा, बाई.” ती काही बोलली नाही. गुंड काखेत घेतला आणि लेआउटच्या मागच्या शेतातल्या विहिरीकडे गेली. पोरगी मागे, तिच्या हातात तेलाचा डबा.

त्या रात्री सरांनी दुसरा भागाकार केला. पाच हजारांना सव्वीसने. घरटी एकशे ब्याण्णव लिटर. म्हणजे प्रत्येकाचं आठ लिटरच्या आत कमी झालं असतं. अर्धी बादली. सर अंथरुणावर उठून बसले. पुन्हा केला, उत्तर तेच. ज्या स्लॅबखाली ते झोपले होते त्याने एकवीस दिवसांत किती पाणी प्यायलं होतं, तो हिशेब मात्र त्यांनी केला नाही.

सकाळी यादी बदलता आली असती. आधी वाटलं, आज बोलू. मग वाटलं, पुढच्या टँकरला बोलू. पंचवीस घरांपुढे एकदा वाचलेली यादी खोडायची म्हणजे आपणच भांडणाला दार उघडायचं. मृगाचा पाऊस आला त्या आठवड्यात शेड रिकामी झाली.

यादी नसती तर डोकी फुटली असती, हे सर आजही सांगतात, आणि ते खोटं नाही. नव्याने प्लॉट घेणाऱ्यांना ते सल्ला देतात की प्लॉट एप्रिलमध्ये नाही, ऑगस्टमध्ये बघा. नाली कुठे जाते ते आधी विचारा. खुली जागा नकाशात किती आणि जागेवर किती, हे टेप लावून मोजा. नगरपालिकेनेही बांधकामाची परवानगी देताना बांधणारे मजूर कुठे राहणार, कुठलं पाणी पिणार, हे विचारावं असं त्यांचं मत आहे. ते त्यांनी कुणाला लिहून मात्र दिलेलं नाही.

खुल्या जागेत आता गणपती बसतो. वर्गणी त्याच वहीतल्या क्रमाने घेतात. दर वर्षी कुणीतरी म्हणतं, “त्या उन्हाळ्यानं आपल्याला एक केलं, नाही का सर?” सर मान हलवतात.

दोन वर्षांपूर्वी गच्चीच्या कठड्याला गिलावा करायला तोच मिस्त्री आला होता. एकटाच. भिंतींवरून हात फिरवून म्हणाला, “भेग नाही पडली, पाहा.” सर म्हणाले, “मुरूम लागला ना तेव्हा.” मग त्याने विचारलं, “नळ येते आता?”

सर म्हणाले, “येतो.” आणि चहा सांगायला आत गेले.