बारा नंबरचे आजोबा

एप्रिल २०२१. मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या कोविड आयसीयूत मला नाइट लागली होती. खाटा वीस, वीसही भरलेल्या, आणि सिस्टर आम्ही दोघी. आयसीयूत एका पेशंटमागे एक परिचारिका, हा निकष आम्ही शिकत असतानाच पाठ करतो.

बारा नंबरचे आजोबा बायपॅपवर होते. तो मास्क चेहऱ्यावर घट्ट आवळलेला असतो, आतून हवेचा जोरात झोत येतो. धडधाकट माणूसही घाबरेल. आजोबा सारखा तो ओढून काढायचे आणि बघता बघता सॅच्युरेशन सत्तरवर यायचं. मी परत लावायचे, हात धरून म्हणायचे, "आजोबा, दमानं घ्या श्वास." ते जरा शांत होत, तेवढ्यात दुसरीकडे व्हेंटिलेटरचा अलार्म वाजे. मी हात सोडून धावायचे. चौथ्यांदा मास्क निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हात बांधा."

मी मनगटांना आधी कापूस गुंडाळला, मग रोल बँडेजनं दोन्ही हात खाटेच्या कठड्याला बांधले. गाठ घट्ट नाही ना, हे आत दोन बोटं घालून पाहिलं, शिकवलंय तसं. दोन-दोन हातमोज्यांतून बोटांना काही कळत नव्हतं. मास्कच्या आतून आवाज आला, "सोड की गं माय."

दुसऱ्या रात्री माझ्याच ड्युटीत ते गेले. तेव्हा हात मोकळे होते. बांधायची गरज उरली नव्हती. मुलानं फोनवर विचारलं, "सिस्टर, शेवटी त्रास झाला का हो त्यांना?" मी म्हटलं, "नाही, शांत होते."

पीपीई किटमध्ये सहा-सात तास पाणी नाही, बाथरूम नाही. पाळीच्या दिवसांत तर पॅड बदलायचा म्हणजे अख्खं किट वाया, म्हणून आम्ही डायपर घालायचो. त्याचीही सवय झाली. ड्युटीनंतर लॉजवर मुक्काम, पाच वर्षांची लेक व्हिडिओ कॉलवर. हे सगळं निभावलं. "सोड की गं माय" मात्र निभावलं नाही. समुपदेशकाचा नंबर नोटीस बोर्डावर होता. पण खोलीवर पोचल्यावर बोलायचं त्राण कुणात होतं? आमच्या इनचार्ज सिस्टर तेवढ्या किट उतरवायच्या खोलीबाहेर ओआरएसचा ग्लास घेऊन उभ्या असायच्या. "बस दोन मिनिटं. बोल." त्या दोन मिनिटांवर मी तो महिना काढला. अशी व्यवस्था एका बाईच्या मायेवर सोडू नये, ती ड्युटी चार्टमध्येच हवी.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० हे परिचारिकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. टाळ्या वाजल्या, हेलिकॉप्टरमधून फुलंही पडली. आम्हाला हवी होती वॉर्डात आणखी चार माणसं.

आजोबांच्या मुलापर्यंत हे पोचलं तर त्यांना सांगायचं आहे: दादा, तुमच्या वडिलांचे हात मी बांधले होते. फोनवर ते सांगायचा धीर झाला नाही. त्या रात्री मला त्यांच्या उशाशी नुसतं बसून राहता आलं असतं, तर ते बांधावे लागले नसते.