पाठीवर सॅक आणि पायी ॲडलेड

परदेश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सूटबूट आणि लाखांचे आकडे उभे राहतात. विमानाचे भाडे जबर असते, हे खरेच. पण एकदा तिथे पोचल्यावर शहर पाहायला खिसा रिकामा करावाच लागतो असे नाही. पाठीवर सॅक, पायांत चांगला जोडा आणि पाण्याची बाटली एवढ्यावर जगभरची तरुण मुले देश पालथे घालतात. त्यांना बॅकपॅकर म्हणतात. त्यांच्यासाठी स्वस्त मुक्कामाची घरे असतात. एका खोलीत एकावर एक रचलेल्या सहा-आठ खाटा, स्वयंपाकघर सगळ्यांचे मिळून, आणि आपले ताट आपणच घासायचे. वारीत मठात उतरणाऱ्या माणसाला यात नवे काही वाटणार नाही.

पन्नाशी उलटलेल्या माझ्यासारख्या कृषी विस्तार अधिकाऱ्यानेही अशाच घरात मुक्काम केला आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी ॲडलेड एका दिवसात पाहिली. चला, तुम्हीही माझ्याबरोबर.

महिना ऑक्टोबरचा. आपल्याकडे सोयाबीनची मळणी चालू असते, तेव्हा तिथे वसंत ऋतू असतो आणि गव्हाच्या ओंब्या भरत असतात. सकाळचे आठ वाजलेले असतात, आपल्याकडे मात्र पहाटेचे तीन. आणखी एक गंमत ध्यानात ठेवा. तिथे दुपारचा सूर्य दक्षिणेकडे न कलता उत्तरेकडे असतो. सावलीवरून दिशा ओळखण्याची सवय असलेला शेतकरी पहिल्या दिवशी हमखास चकतो.

सकाळी पहिल्यांदा मंडईत चला. गाव कसे आहे हे मंडईत कळते. ॲडलेडची मध्यवर्ती मंडई १८६९ साली सुरू झाली. एका छपराखाली सत्तरहून अधिक गाळे. डोंगराकडची सफरचंदे, मरे नदीकाठच्या बागांतली संत्री, ऑलिव्ह, चीज, मध, ताजा पाव. फळ कोणत्या भागातले, याची पाटी बहुतेक ठिकाणी लावलेली. पाव, चीज आणि दोन संत्री घेतली की दुपारच्या शिदोरीची सोय झाली.

फळांचा विषय निघाला म्हणून सांगतो. ऑस्ट्रेलियात उतरताना फळ, बी-बियाणे, रोप, मातीचा जोडा, काहीही जवळ असले तर ते कागदावर लिहून द्यावे लागते. लपवले तर मोठा दंड. आपल्याला हा जाच वाटेल, पण त्यामागे कारण आहे. द्राक्षाच्या मुळांवर जगणाऱ्या फायलोक्सेरा नावाच्या किडीने एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या. दक्षिण ऑस्ट्रेलियाने मात्र कडक बंदोबस्त ठेवला आणि ती कीड आत येऊ दिली नाही. म्हणूनच तिथल्या बरोसा खोऱ्यात शंभर वर्षांहून जुने द्राक्षवेल आजही फळ देतात. आपल्या नाशिक-सांगलीच्या बागायतदारांनी यावर जरूर विचार करावा.

मंडईतून निघून ट्राममध्ये बसू. शहराच्या मध्यभागात ट्रामला तिकीट नाही. रस्ते तिफणीने आखल्यासारखे सरळ. १८३७ साली कर्नल विल्यम लाइट यांनी ही आखणी केली आणि शहराभोवती चारी बाजूंनी मोकळ्या हिरव्या जमिनीचा पट्टा राखला. आज पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली, तरी सातशेहून अधिक हेक्टरांचा तो पट्टा बराचसा टिकून आहे. गायरानाचे काय होते हे पाहिलेल्या आपल्या माणसांना त्याची किंमत सांगायला नको.

मात्र ही जमीन मोकळी पडलेली नव्हती. गार्ना नावाचे मूळ रहिवासी इथे पिढ्यानपिढ्या राहत होते. १८३६ साली वसाहत उभी राहिली आणि त्यांची जमीन गेली. आता चौकांना आणि नदीला इंग्रजी नावाबरोबर गार्ना नावही लावले आहे. त्यांची हत्यारे, होड्या, जाळी पाहायची असतील तर नॉर्थ टेरेस रस्त्यावरच्या संग्रहालयात जा. नेहमीची दालने पाहायला पैसे पडत नाहीत.

तिथून थोडे चालले की वनस्पती उद्यान लागते. तेही विनामूल्य. १८५७ पासून लोकांसाठी खुले असलेल्या या बागेत १८८१ साली उघडलेले एक छोटे संग्रहालय आहे. माणसाच्या उपयोगी पडणाऱ्या वनस्पतींचे. कापूस, धान्ये, डिंक, रंग, औषधी साली, सारे काचेच्या कपाटांत मांडलेले. कागदाच्या लगद्याची सफरचंदे आणि नासपती इतकी हुबेहूब की हात पुढे जातो. नव्या वसाहतीतल्या शेतकऱ्याला कोणते पीक घ्यावे हे डोळ्यांनी दिसावे, म्हणून हे सारे मांडले होते. म्हणजे विस्ताराचेच काम!

इथल्या बाकावर शिदोरी सोडू आणि एक गोष्ट सांगतो. माझ्या मते ॲडलेडहून घरी नेण्यासारखी हीच खरी वस्तू.

या राज्यात जॉर्ज गॉयडर नावाचे सर्व्हेअर जनरल होते. १८६५ साली मोठा दुष्काळ पडला. गॉयडर घोड्यावर बसून निघाले आणि दुष्काळ नेमका कुठवर पोचला आहे ते पाहत हिंडले. पावसाच्या नोंदी तेव्हा फारशा नव्हत्या. त्यांनी झाडोरा पाहिला. मॅली जातीची बुटकी निलगिरी कुठे संपते आणि खारट पानांची झुडपे कुठे सुरू होतात, तिथे त्यांनी नकाशावर रेघ ओढली. रेघेच्या दक्षिणेला पीक भरवशाचे, उत्तरेला फक्त चराई. पुढे पावसाच्या नोंदी जमल्या, तेव्हा ती रेघ वर्षाला सुमारे ३०० मिलिमीटर पावसाच्या सीमेशी बरीचशी जुळली.

पुढे काय झाले? १८७० नंतर काही वर्षे पाऊस उत्तम झाला. लोक गॉयडरना हसू लागले. नांगर फिरला की पाऊस मागोमाग येतो, असे म्हणू लागले. १८७४ साली सरकारने रेघेपलीकडची जमीनही उधारीवर शेतीला खुली केली. कुटुंबेच्या कुटुंबे गेली, दगडी घरे बांधली, गहू पेरला. १८८० नंतर पाऊस मूळ पदावर आला. पिके करपली, कर्जे थकली आणि लोक घरांना पाठ दाखवून परतले. त्या घरांच्या भिंती आजही उत्तरेच्या माळावर उभ्या आहेत.

आता नीट पाहा. जमीन फसवी नव्हती आणि ती माणसेही आळशी नव्हती. चार चांगल्या वर्षांना त्यांनी कायमचा पाऊस मानले. आपल्या माण, सांगोला, कर्जत भागांत वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. दोन वर्षे विहीर तुडुंब राहिली की ऊस, डाळिंब किंवा द्राक्षाची उडी घेतली जाते. तिसऱ्या वर्षी टँकरने बाग जगवायची वेळ येते आणि घरातले दागिने सोसायटीच्या हप्त्यात जातात. गॉयडरची रेघ आपल्याकडे कोणी आखलेली नाही. ती ज्याची त्यानेच ओळखायची आहे.

असो. उठा, नदीकडे जाऊ. टोरेन्स नदी तशी लहान. १८८१ साली बंधारा घालून तिचे तळे केले, म्हणून ती भरलेली दिसते. पलीकडे ॲडलेड ओव्हल हे क्रिकेटचे मैदान. १९४८ च्या जानेवारीत सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी इथे एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके काढली, ११६ आणि १४५. तसे करणारे ते पहिले भारतीय. त्याच सामन्यात कोल्हापूरच्या दत्तू फडकरांनीही १२३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या २०१ धावा झाल्या आणि सामना आपण हरलो, पण नाव राहिले.

संध्याकाळी ट्रामने ग्लेनेल्गच्या किनाऱ्यावर जा. शहराच्या मध्यभागाबाहेर मात्र तिकीट काढावे लागते. तिथे सूर्य समुद्रात बुडतो, अगदी आपल्या कोकणातल्यासारखा.

शेवटी तुमच्या मुलामुलींच्या कामाची एक माहिती. त्या मुक्कामाच्या घरातले पुष्कळ तरुण फळबागांत तोडणीला जातात आणि त्या मजुरीवर पुढचा प्रवास करतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून १८ ते ३० वयाच्या भारतीयांनाही असा काम आणि प्रवासाचा व्हिसा मिळू लागला आहे. वर्षाला जागा फक्त १०००, निवड सोडतीने, आणि शिक्षणाची व इंग्रजीची अट आहे. अर्ज ऑस्ट्रेलिया सरकारकडेच करावा. सोडतीत नंबर लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आणि ज्यांना जाणे नाही, त्यांनी एवढे तरी करावे. तालुका कृषी कार्यालयात जाऊन आपल्या महसूल मंडळाच्या गेल्या दहा वर्षांच्या पावसाचे आकडे मागावेत. ते वहीत लिहून घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहावेत. पुढच्या हंगामात काय लावायचे, हे त्यानंतरच ठरवावे.