ऋण आणि पुरण

ऋण काढून सण करू नये, हे वचन ज्याने प्रथम उच्चारले तो मनुष्य दिवाळी डोळ्यांसमोर ठेवून बोलला असावा, पोळा नव्हे, असे मला अलीकडे वारंवार वाटू लागले आहे. दिवाळीपर्यंत कापसाची पहिली वेचणी घरी आलेली असते, अडत्याकडून चार पैसे हाती पडलेले असतात, निदान पडतील अशी भाषा तरी करता येते. तेव्हा कर्जाविरुद्धचा उपदेश ऐकून घेण्याइतकी स्वस्थता माणसापाशी असते. पोळा येतो तो श्रावणातल्या अमावास्येला, म्हणजे बी, खत, फवारणी आणि निंदण-डवरणाची मजुरी यांत घरची गंगाजळी पार आटून गेल्यावर, आणि शेतातल्या पऱ्हाटीला नुकती कुठे पाती धरू लागली असताना. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या तामसीच्या काळ्या जमिनीवर, कापूस, तूर आणि ज्वारीच्या भरवशावर जगणाऱ्या घरात वर्षातले एक खर्चाचे जेवण नेमके वर्षातल्या सर्वांत रिकाम्या महिन्यात पडावे, ही पंचांगाची खोडी म्हणावी की काही योजना, हे मला आजतागायत उमगलेले नाही.

कर्ज काढून तूप पिण्याचा सल्ला देणारे वचन चार्वाकाच्या नावावर खपते खरे, परंतु ते आपल्यापर्यंत पोहोचले ते त्याच्या स्वतःच्या ग्रंथातून नव्हे, तर चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’सारख्या प्रतिपक्षाच्या पुस्तकांतून, म्हणजे तूप पिणाऱ्याची कैफियत त्याच्या तोंडून आपण कधी ऐकलेलीच नाही. म्हणीच्या बाबतीत तोच प्रकार. ती बहुधा ज्याच्यापाशी देण्यासारखे असते तो, ज्याला मागावे लागते त्याला ऐकवतो. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी कुणब्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, तो वणवा नगरपर्यंत पसरला, आणि कारणे शोधण्यासाठी सरकारने आयोग बसवला. रयत लग्ने आणि सण यांत उधळपट्टी करते म्हणून बुडते, हा त्या काळच्या साहेबी दप्तरातला आवडता सिद्धान्त होता; पण आयोगानेच नमूद केले की या खर्चाला वाजवीपेक्षा फार महत्त्व दिले गेले आहे, आणि कुणब्याच्या कर्जाचे मूळ तिथे क्वचितच सापडते. शेतसाऱ्याची न टळणारी मुदत, पावसाची लहर आणि मुद्दलाला मागे टाकून धावणारे व्याज, ही कारणे पुढे आली, 1879 साली रयतेला दिलासा देणारा कायदाही झाला. म्हणीने मात्र तो अहवाल वाचला नाही. आमचा मुलूख तेव्हा मोगलाईत, आयोगाच्या कक्षेबाहेर; पण म्हणींना जकातनाके अडवीत नाहीत.

तरीही म्हणीचा पक्ष अगदीच टाकाऊ आहे असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही, कारण खर्चाचा अजमास घ्यायला बसले की बोटे आखडू लागतात. पुरणाचा जिन्नस तसा साधा, किलोभर हरभऱ्याच्या डाळीला किलोभर गूळ. परंतु गूळ इथे पिकत नाही, गहू घरचा असेलच असे नाही, रोजची भाकरी ज्वारीची, आणि तूप हा तर ज्याच्या त्याच्या गोठ्याचा प्रश्न. यांतून सुटण्याच्या युक्त्या प्रत्येक घराने आपापल्या काढल्या आहेत. कोणी हरभऱ्याच्या डाळीत घरची तूर मिसळते (दक्षिणेकडे तर निव्वळ तुरीचे पुरण सर्रास चालते), कोणी गुळाचे माप हळूच उतरवते, कोणी उंडा मोठा घेऊन पुरण आत नावापुरते ठेवते. आणि ही शेवटची युक्ती तव्यावरच उघडी पडते, कारण भरल्या पोळीला तांबूस डाग एकसारखे पडतात, रिकामी पोळी मात्र जागोजागी फुगून चपातीसारखी पांढरी राहते. आमची आजी पातेल्यात उलथने उभे करून पाही. ते न कलंडता ताठ राहिले म्हणजे पुरण झाले. गूळ कमी पडलेल्या वर्षीही ती परीक्षा तशीच होई आणि उलथने तसेच उभे राही, याचे मला लहानपणी मोठे नवल वाटे.

परंतु काटकसरीचे खरे प्रकरण पुरणात नसून कटात आहे. डाळ मुबलक पाण्यात शिजवायची, बोटाने दाबली असता पिचेल इतपत झाली की वरचे दाट पिवळे पाणी निथळून घ्यायचे, त्यात चिंच, भाजलेले खोबरे, काळा मसाला आणि पातेल्याला चिकटलेले चमचाभर पुरण घालून सणसणीत फोडणी द्यायची; झाली आमटी. ही दैन्याची सृष्टी की चैनीची, याचा निर्णय मला करता येत नाही. जी वस्तू अन्यथा मोरीत जायची तिच्यातून अख्खे पातेलेभर कालवण उभे राहते, म्हणून दैन्याची म्हणावी. पण पुरण घातल्याशिवाय खरा कट मिळतच नाही, म्हणून ती चैनीचीही म्हणावी लागते. कानडी मुलखात याच पाण्याला होळिगे सारू म्हणतात, आणि शेजारच्या तेलुगू घरात पुरणपोळीचे भक्ष्यालु किंवा पोलेलु होतात, तेव्हा हा शोध एका जातीचा वा एका भाषेचा नाही हे उघड आहे. कटाचे सामर्थ्य भातासोबत कळते. 1983 साली आंध्र सरकारने दोन रुपये किलोचा तांदूळ सुरू केला, आणि ज्वारीच्या या प्रदेशात भात सणापुरता न राहता रोजच्या ताटात येऊन बसला. तेव्हापासून पोळी अर्धी आणि कट-भात पोटभर, असे सणाचे नवे गणित मांडता येऊ लागले. मग वाढप्याचा प्रश्न उरतो. भात अगोदर वाढला तर पोळ्या कमी लागतात, हे शहाण्या यजमानाला कळते. आजीला ते कळत नव्हते असे नाही, पण ती पोळीच अगोदर वाढी, आणि तीही प्रथम सालगड्याच्या ताटात. घरच्यांची वाटणी आखडे, त्याची आखडत नसे. हा हिशेब धर्माचा होता की अब्रूचा, हे तिला विचारण्याचे माझे वय नव्हते, आणि वय झाले तेव्हा विचारायला ती नव्हती.

पैनगंगेपलीकडच्या नातलगांची स्थिती थोडी निराळी. पूर्वी इकडे निजामाचा हाली रुपया चाले, तिकडे इंग्रजांचा कलदार, आणि 100 कलदारांना सुमारे 116 हाली मोजावे लागत, म्हणजे पलीकडच्या बाजारातून गूळ आणायचा तर तो गुळाआधी नाण्यातच महाग पडे. 1956 साली आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा मराठी मुलखात गेले, तामसी इकडेच राहिली. 2022 च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ वाटला: रवा, साखर आणि हरभऱ्याची डाळ एकेक किलो, आणि लिटरभर पामतेल. तेलंगण सरकारने 2017 पासून बतुकम्माच्या सणाला साड्या वाटल्या होत्या. एका सरकारने सण ताटात पाहिला, दुसऱ्याने अंगावर. दोघांपैकी कोणाचे खरे, हा वाद सोयऱ्यांत अजून रंगतो. मला मात्र त्या पिशवीतली डाळ पाहून वाटले की सरकारनेच सणाला हातभार लावला तर म्हणीचे काय करायचे? तेही ऋणच, फक्त ते कोणाच्या खाती लिहिले जाते ते दिसत नाही.

आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्याला याची गरज तरी असते काय? पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळून त्याला दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे रीतसर आवतण देतात. वर्षभर जू वाहणाऱ्याचे देणे फेडायला मनुष्य सावकाराचे देणे डोक्यावर घेतो, तेव्हा एक ऋण फिटून दुसरे चढते; यांतले मोठे कोणते, हे म्हण सांगत नाही आणि मलाही सांगता येत नाही. त्यात पशुवैद्य दर पोळ्याला बजावतात की गोडधोड आणि पिठाचे पदार्थ एकदम फार खाऊ घातले तर बैलाच्या पोटात आम्ल वाढते, रवंथ थांबतो, पोट फुगते, आणि प्रसंगी जनावर दगावते. म्हणजे ज्याच्या घरी पुरण कमी त्याचा बैल धडधाकट, आणि ज्याने ऐपतीबाहेर जाऊन टोपलेभर पोळ्या चारल्या त्याच्या दारी डॉक्टर. ट्रॅक्टर आल्यापासून पुष्कळ घरी मातीच्याच बैलांची पूजा होते, त्यांना अजीर्णाचे भय नाही. पण पुरण तिथेही शिजते आणि उधारीही तिथे होतेच.

तेव्हा ज्यांच्या गोठ्यात अजून खरी जोडी उभी आहे त्यांनी यंदा बैलाला एकेकच पोळी द्यावी, तीही हिरव्या चाऱ्याबरोबर. आणि माणसांना किती वाढावी, हे कृपा करून मला विचारू नये.