टोळीत कोण?

गिरड, सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५
रोजगार हमीवर समतल चरांचं काम सुरू झालं. दर दिवसाला २९७ रुपये, पण हातात पडतं ते मोजमापाप्रमाणे. टोळीनं खोदलं किती, त्यावर सगळ्यांचा रोज ठरतो. मग टोळी जमवताना जो तो धडधाकट गडीच शोधतो. पायानं अधू असलेला एक पोरगा कुदळ घेऊन उभा होता. "वाईट नका मानू जी, हा संगं आला तर आमचा रोज कमी पडते," एक जण म्हणाला. त्याच्या मनात खोट नव्हती. घर त्यालाही चालवायचं आहे.

बुधवार, ५ फेब्रुवारी
टेकडीवर शेख फरीदबाबांच्या दर्ग्याला हिंदू-मुसलमान सारखेच जातात. कामावर मात्र जेवायच्या सुट्टीत वस्तीवस्तीचे घोळके वेगळे बसतात. पाणी पाजायचं काम मी मुद्दाम बौद्धवाड्यातल्या एका आजीला दिलं. दोघा-तिघांनी घरच्या बाटल्या काढल्या, बाकीचे तिच्या हातचं प्यायले. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ साली दलितांना खुलं केलं. जवळपास शंभर वर्षं होत आली, तरी माठापाशी कोण थांबतो हे पाहावंच लागतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
बाया लेकरं घेऊन येतात. सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असली, तर ती सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला तितकीच मजुरी द्यायची, असं रोजगार हमी कायद्यात आहे. कडुनिंबाखाली सावली केली, एका मावशीला नेमलं. दुपारपर्यंत आयांचं काम एकदाही थांबलं नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी
त्या अधू पोराला एका टोळीनं घेतलं, पण कुरकुर आहेच. दया दाखवा म्हणून ती थांबणार नाही. बाया, म्हातारी माणसं, अपंग आणि आजारी यांच्यासाठी कामाचे वेगळे दर ठरवावेत, असं २००५ च्या कायद्याच्या अनुसूचीतच आहे. पोराच्या वाट्याचं माप कमी धरलं, तर सोबत्यांचा रोज बुडत नाही आणि त्यालाही कुणाचे उपकार घ्यावे लागत नाहीत. ग्रामसभेत हीच मागणी मांडणार आहे: वेगळे दर मोजमापाला लावा आणि कामाच्या फलकावर सगळ्यांना दिसतील असे लिहा.