बिऱ्हाड, खोकी आणि पत्र्याची पेटी

गेल्या मे महिन्यात आम्ही कोंडाण्याचे बिऱ्हाड कर्जतला हलवले. मुलाचे कॉलेज, आमची कचेरी आणि आईचे गुडघे, तिन्ही गोष्टी कर्जतच्या बाजूने होत्या. कोंडाणे म्हटले की लोकांना लेणी आठवतात, पावसाळ्यात लेण्यांवरून कोसळणारे पाणी आठवते. तिथे राहणाऱ्याला आठवते ती ओल. म्हणून पावसाच्या आत निघायचे, हे आधी ठरवले. पुठ्ठ्याचा खोका एकदा भिजला की त्याचा लगदाच होतो, मग तो तीन पदरी असो की पाच पदरी.

खोकी विकत घ्यायची ऐपत नाही असे नाही, पण मन होत नाही. आठवडाभर आधी दुकानदारांना सांगून ठेवले. बिस्किटाचे खोके मोठे, पण पुठ्ठा पातळ. त्यात कपडे नि उशा भरल्या. साबणाचे खोके मजबूत, मात्र वास जात नाही, त्यात डाळ-तांदूळ भरू नयेत. औषधाच्या दुकानातून सलाईनच्या बाटल्यांचे खोके मिळाले. लहान, जाड पुठ्ठ्याचे. पुस्तकांना याहून चांगले नाही. आम्ही आधी शहाणपण करून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड एका मोठ्या खोक्यात रचले होते. मुलाने नि आम्ही मिळून उचलला, तर खंड जमिनीवर आणि खोका आमच्या हातात! जड वस्तू लहान खोक्यात, हलकी वस्तू मोठ्या खोक्यात, हे बी.कॉम. होऊनही आम्हांला त्या दिवशी कळले.

सर्वांत भक्कम खोका कुठला म्हणाल, तर दारूच्या दुकानातला. आत पुठ्ठ्याचे कप्पे असतात, काचेचे पेले त्यात बिनघोर बसतात. एका मित्राने असे दोन आणून दिले. घरच्या आयुष्मतींनी कमरेवर हात ठेवले. "अहो, वस्तीत दारूबंदीवर भाषणे तुम्हीच देता ना? टेम्पोतून उतरताना नव्या शेजाऱ्यांनी पाहिले तर?" आम्ही खोके उलटे करून छापील बाजू वर्तमानपत्राने झाकली. पेले मात्र एकही फुटला नाही, हे नमूद केले पाहिजे.

कपबशांना रद्दी गुंडाळायची, तर तिथेही वाद झाला. इंग्रजी पेपर चालेल, पण आपले साप्ताहिक नको, बाबासाहेबांचा फोटो चुरगळायचा नाही, असे आई म्हणाली. ते अंक बांधून वेगळे ठेवले. आमच्या भातपट्ट्यात पेंढ्याला तोटा नाही. दोन दिवस कडक उन्हात वाळवला तर पेंढ्यासारखे मऊ अंथरूण नाही. न वाळवता भरलात तर किडे नि कुबट वास नव्या घरात येतो. ताटे आडवी रचू नका, उभी लावा. खोक्याच्या बुडाला चिकटपट्टी आडवी-उभी दोन्ही मारा, वरून सुतळी. आणि आत काय आहे ते बाजूला लिहा. झाकणावर लिहिलेले, त्यावर दुसरा खोका बसला की दिसत नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. २०१० साली वडील रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडून आम्ही गावच्या घरी आलो. भर जुलै. घरातले सगळे कागद कपड्यांच्या खोक्यात टाकले होते, टेम्पोवर ताडपत्री फाटकी. कपडे वाळले. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला वाळला, पण शाई पसरून गेली होती. तेव्हा कुणाला त्याचे काही वाटले नाही.

२०१९ साली मुलगी बारावीला आली. जात पडताळणीसाठी १९५० पूर्वीचा पुरावा हवा. एका कार्यालयाने तो दाखला वाचता येत नाही म्हणून परत केला. आजोबांच्या शाळेत खेटे घातले, जुन्या रजिस्टरच्या उताऱ्यासाठी दोन महिने गेले. प्रवेशाची मुदत संपायला चार दिवस उरले असताना प्रमाणपत्र हाती आले. त्या दोन महिन्यांत मुलगी आमच्याशी नीट बोललीच नाही. बरोबरच होते तिचे. आणि गंमत पाहा, ज्या शब्दातून सुटायला १९५६ साली आजोबांनी धम्म स्वीकारला, तोच शब्द ज्या कागदावर आहे, तो नातीसाठी जिवापलीकडे जपायचा.

१९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले, तेव्हा त्यांची पुस्तके वेगळ्या बोटीने निघाली होती. महायुद्धाचे दिवस. ते मुंबईला पोहोचले, पुस्तकांची बोट पाणबुडीने बुडवली. त्यांच्या चरित्रातला हा भाग आम्ही भाषणात कितीदा सांगितला असेल, पण घरचे कागद मात्र टेम्पोच्या मागच्या बाजूला टाकले!

यंदा बाजारातून पत्र्याची पेटी आणली. उतारा, दाखले, सातबारा, वडिलांची पेन्शनची पुस्तिका, सगळे प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून त्यात ठेवले, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स बहिणीकडे. पेटी टेम्पोत चढवलीच नाही. आईने ती रिक्षात मांडीवर घेतली, गुडघे दुखत असूनही कुणाला दिली नाही. आता ती पलंगाखाली दोन विटांवर आहे.

रिकामी खोकी चपटी करून कोंडाण्याच्या शेजाऱ्यांना दिली, त्यांचेही दिवाळीनंतर निघायचे चालले आहे. दारूच्या दुकानातली दोन तेवढी दुसऱ्याच दिवशी बंबात गेली. पाणी चांगले तापले.