मोडशीचा आरोपी

ग्वाल्हेरच्या ज्या वस्तीला आपण लष्कर म्हणतो, ती दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढली. १८१७ च्या नोव्हेंबरात याच दौलतरावांना वेसण घालण्यासाठी लॉर्ड हेस्टिंग्ज सिंध नदीजवळ सैन्यासह उतरले होते. लढाईवाचून तह झाला. परंतु इंग्रजांच्या त्या तळात पटकी शिरली आणि थोड्याच दिवसांत हजारो माणसे दगावली. अखेर बेतवेच्या काठी तळ हलवावा लागला.

कोकणात मोडशी म्हणतात ती हीच व्याधी. गोव्यातील गार्सिया द ओर्ता याने १५६३ च्या ग्रंथात तिचे वर्णन केले आहे. माझ्यासारख्या वकिलाच्या मनात प्रश्न येतो तो असा, की हिचा खरा आरोपी कोण?

१८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू ओळखला. १९५९ मध्ये त्याच नगरीत शंभुनाथ डे यांनी दाखविले, की जंतू गाळून काढले तरी उरलेल्या द्रवाने आतड्यात पाणी साचते. म्हणजे घात करते ते जंतूचे विष. २००० साली या जंतूचा जनुकसंच वाचला गेला. त्यात दोन गुणसूत्रे आणि सुमारे चाळीस लक्ष अक्षरे आढळली. नवल हे, की विषाची जनुके त्याची मूळची नव्हेत. जंतूंना ग्रासणारा एक विषाणू ती आणून त्याच्या गुणसूत्रात बसवितो, हे १९९६ मध्येच उघडकीस आले होते. या उसन्या शस्त्रावाचून खाडीच्या पाण्यात राहणारा हा जंतू महामारी माजवीत नाही.

याच जातकुळीचे दुसरे विषाणू मात्र जंतूंचा संहार करतात. गंगायमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, असे अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ साली नोंदविले; ते याच विषाणूंचे कार्य असावे, असे पुढे अनेकांनी मानले. उत्सवात पंक्तीच्या पाण्यात गंगाजलाचे चार थेंब पडले, की ते तापविण्याचे कारण नाही, असे सांगणारे सद्‌गृहस्थ मला भेटतात, तेव्हा ते हीच साक्ष पुढे करतात. पण साक्ष अर्धी वाचून चालत नाही. १८६७ च्या हरिद्वारच्या कुंभानंतर परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर पटकी उत्तर हिंदुस्थानभर पसरली, आणि तो मेळा गंगेच्याच काठी भरला होता.

तेव्हा नदीला आपण खुशाल दोषमुक्त करावे. जंतूचा अपराधही निम्मा उसना आहे. पंक्तीत बसलेल्या बालकाच्या हाती पाण्याचे भांडे देणारा मात्र आपल्यापैकीच असतो. ते पाणी उकळले होते काय, या प्रश्नाचे उत्तर त्यालाच द्यावे लागेल. आणि तेथे श्रद्धेचा पुरावा ग्राह्य धरता येणार नाही.