नियमाखालचे कारण

संगणकप्रणाली बांधण्यापूर्वी तिने काय काय केले पाहिजे याचा एक दस्तऐवज तयार होतो. मुख्य गरज, तिच्याखाली उपगरजा, त्यांच्याखाली बारीक अटी, प्रत्येकीला क्रमांक. नागपुरात आमच्याकडे मराठी शिकून गेलेली काही मुले आज हेच काम करतात. आम्ही त्यांना सूत्रपाठ पुन्हा वाचायला सांगतो.

म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात चक्रधरांची वचने प्रसंगांच्या ओघात विखुरलेली आहेत. वाचताना ती रम्य वाटतात; पण भिक्षा कशी मागावी, राहावे कोठे, एवढेच हवे असलेल्या साधकाने ती शोधायची कशी? तेराव्या शतकाच्या अखेरीस केसोबासांनी ही वचने वेचून प्रकरणांत लावली. आचाराचे वेगळे प्रकरण, विचाराचे वेगळे. शिवाय आचारमालिका आणि विचारमालिका आहेतच. (सगळेच कप्प्यात नीट बसत नाही, हा अनुभव त्यांनाही आला असावा, असे आम्हांला उगीच वाटते.)

या मांडणीत सूत्र सापडते, पण ते कोणाला, कशावरून सांगितले ते मागे राहते. पंथीयांनी ही उणीव ओळखली होती. म्हणून तर प्रत्येक सूत्रामागचा प्रसंग सांगणारा ‘प्रकरणवश’ हा ग्रंथ झाला. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ साली आले. ते सूत्रपाठाशेजारी ठेवून वाचले, की एकच वचन दोन ठिकाणी किती वेगळे बोलते ते कळते.

कानडी आणि तेलंग देशांत जाऊ नये, हा आचारातला नियम घ्या. व्यासपीठांवर तो मराठीच्या अभिमानाचा पुरावा म्हणून ऐकवला जातो. सूत्रात मात्र लगेच पुढे कारण आहे: ते देश विषयबहुल, तेथे विरक्ताला मान मिळतो. म्हणजे भीती आहे ती मानाची. साधकाने गावाच्या टोकाला, झाडाखाली, कोणाच्या खिजगणतीत नसताना राहावे, या अपेक्षेचीच ती एक पोटअट आहे. वरची ओळ झाकली, की उरते ती नुसती प्रांतबंदी.

‘वापरकर्त्याला ही यादी छापता येऊ नये’ असे एखादे उपकलम आमच्या विद्यार्थ्यांच्या दस्तऐवजांतही असते. का, ते लिहिलेले नसते. लिहिणारा नोकरी सोडून गेला, की ते कलम काढायलाही कोणी धजत नाही.